हसू खुलवायचे तर सुरुवात हिरड्यांपासून: दातांच्या देखभालीची क्रमवार माहिती

आपले हसू अधिक चांगले दिसावे या इच्छेने दातांकडे लक्ष देऊ लागलेली बहुतेक माणसे पहिला विचार करतात तो दातांच्या रंगाचा. दात पांढरे करणारी पेस्ट, पट्ट्या, घरगुती उपाय यांचा शोध लगेच सुरू होतो. वास्तविक रंग ही या कामातली बरीच नंतरची पायरी आहे. हिरड्या सुजून लाल झालेल्या असतील, दातांच्या मुळाशी कीटण साचलेले असेल किंवा दोन दाढांच्या मध्ये कीड लागलेली असेल, तर दात कितीही उजळ केले तरी हसू निरोगी दिसत नाही. शिवाय उजळवण्याच्या औषधाने अशा दातांना त्रासच होण्याचा संभव असतो. म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व दिले आहे. आधी तपासणी, मग रोजची स्वच्छता, त्याबरोबर खाण्यापिण्याच्या वेळा, आणि हे सारे मार्गी लागल्यावरच रंग, ठेवण आणि आकार.

दातांवर नेमके काय घडते

दाताच्या बाहेरच्या कवचाला एनॅमल म्हणतात. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. परंतु त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे एकदा झिजलेले किंवा फुटलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. त्याच्या आत पिवळसर रंगाचे डेंटिन असते, आणि त्याच्याही आत नस व रक्तवाहिन्या असलेला दाताचा गाभा असतो. डेंटिनचा रंग एनॅमलमधून थोडासा दिसतच असतो, म्हणून निरोगी दातही पांढराशुभ्र नसतो. ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली, तर पुढचे अनेक अनावश्यक उपाय टळतात.

दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा एक चिकट, जवळजवळ रंगहीन थर पुन्हा बसू लागतो. याला प्लाक म्हणतात. खाण्यातली साखर मिळाली की या थरातले काही जंतू आम्ल तयार करतात, आणि दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि गेलेली खनिजे काही प्रमाणात परतही देते. फ्लोराइड असेल तर ही भरपाई अधिक चांगली होते आणि नव्याने बसलेले खनिज आम्लाला जास्त दाद देत नाही. झीज आणि भरपाई यांचा हा खेळ दिवसभर चालू असतो. झीज सातत्याने जास्त झाली की प्रथम पांढरट, निस्तेज डाग दिसतो आणि नंतर खड्डा पडतो. डागाच्या अवस्थेत कीड रोखता येते, खड्डा पडल्यावर मात्र तो बहुधा भरूनच घ्यावा लागतो.

हाच थर हिरडीच्या कडेला राहिला तर हिरडी सुजते. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबवले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. नवख्या माणसाला यापेक्षा आशादायक माहिती दुसरी नसेल, कारण सुरुवातीची हिरड्यांची सूज ही रोजच्या स्वच्छतेने खरोखर बरी होते. मात्र ती वर्षानुवर्षे तशीच राहिली आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागले, तर गेलेले हाड सहसा परत येत नाही.

पहिली पायरी: आरशात पाहणे आणि तपासणी करून घेणे

चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहून ओठ बाजूला ओढावेत आणि दातांऐवजी हिरड्यांची कड पाहावी. निरोगी हिरडी घट्ट असते, तिची कड दाताला चिकटून पातळ दिसते आणि दोन दातांमध्ये तिचे टोकदार त्रिकोण दिसतात. हिरडीचा रंग माणसागणिक गुलाबी ते तपकिरी असू शकतो, म्हणून केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये. कड जाड, चकचकीत, फुगीर दिसणे आणि घासताना रक्त येणे या खुणा अधिक विश्वासार्ह आहेत. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू आवर्जून पाहावी. लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडत असल्याने प्लाक टणक होऊन तयार होणारे पिवळे किंवा तपकिरी कीटण सर्वांत जास्त तिथे साचते.

धूम्रपान करणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. धूम्रपानामुळे हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण कमी होते, आणि आतला आजार वाढत असतानाही ती ओळखीची सूचना मिळत नाही. तोंडात कोणतीही जखम, लाल किंवा पांढरा चट्टा अथवा गाठ दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर दंतवैद्यांना दाखवण्यात दिरंगाई करू नये. तंबाखूचे कोणत्याही स्वरूपात सेवन करणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

यानंतर दंतवैद्यांकडे जावे. दुखत नसताना जाणे हेच खरे शहाणपण आहे, कारण कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडेपर्यंत बहुधा दुखत नाही आणि हिरड्यांचा आजार तर अगदी उशिरापर्यंत दुखत नाही. मधुमेह, गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधे, हृदयाचा आजार यांपैकी काही असल्यास ते आपण होऊन सांगावे. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजारामुळे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणेही अवघड जाते, असा हा दुहेरी संबंध आहे.

टणक झालेले कीटण ब्रशने निघत नाही. त्यासाठी स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्यांकडून उपकरणाने ते काढून घेणेच, करावे लागते. स्केलिंगने दात सैल होतात किंवा त्यांच्यात फटी पडतात, ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे अनेकांचे दात विनाकारण गेले आहेत. फट आधीपासूनच असते, ती कीटणाने बुजलेली असते. कीटण निघाले आणि हिरडीची सूज उतरली की ती नजरेस येते. दात हलत असतील तर त्याचे कारण हाडाची झीज हे असते, आणि ती झीज थांबवण्यासाठीच कीटण काढायचे असते. स्केलिंगनंतर काही दिवस थंड पाण्याने दात शिवशिवतात. ते आपोआप कमी होते.

दुसरी पायरी: घासण्याची पद्धत बदलणे

इथे थोडे थांबून बारकाईने शिकणे आवश्यक आहे, कारण बहुतेक माणसे नियमित घासतात पण चुकीच्या जागी घासतात. दाताचा फुगीर मधला भाग खाताना जीभ आणि गाल यांच्या घर्षणानेही काहीसा साफ होत असतो. प्लाक साचतो तो हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या मध्ये. ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असेल, तर प्लाक रंगवून दाखवणाऱ्या गोळ्या औषधांच्या दुकानात मिळतात. नेहमीप्रमाणे दात घासून झाल्यावर अशी गोळी चघळून चूळ भरली की स्वच्छ भाग तसाच राहतो आणि राहून गेलेला थर गडद रंगाने उठून दिसतो. बहुतेकांच्या बाबतीत तो रंग हिरडीलगत एका अरुंद पट्ट्यासारखा, दाढांच्या मागच्या बाजूला आणि खालच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला दिसतो. ज्याला जिथे रंग दिसला, त्याने तिथूनच रोज घासायला सुरुवात करावी.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्यावा. कडक ब्रशने दात अधिक स्वच्छ होत नाहीत, उलट हिरडी मागे सरकते आणि मुळाजवळ खाच पडते. ब्रश बोटांत पेनासारखा धरला तर नकळत पडणारा जोर कमी होतो. त्याचे केस हिरडीच्या दिशेने सुमारे ४५ अंशांत तिरके टेकवावेत, म्हणजे अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील. मग ब्रश जागच्या जागी अगदी थोडा, एखाददुसऱ्या दाताच्या रुंदीइतका, हळुवार मागेपुढे हलवावा आणि शेवटी हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवून आणावा. ही पद्धत अमेरिकी डॉक्टर चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाते. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावण्याची बाजू अशा क्रमाने संपूर्ण तोंड पुरे करावे. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा लागतो. इतके सगळे नीट करायला किमान दोन मिनिटे लागतात. घड्याळ लावून पाहिले, तर आपण एरवी किती लवकर आटोपते घेत होतो ते लक्षात येते.

दिवसातून दोनदा घासावे, आणि त्यातली रात्रीची वेळ कधीही चुकवू नये. झोपेत लाळ फार कमी होते, त्यामुळे रात्री दातांना लाळेचे संरक्षण जवळजवळ मिळत नाही. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असणे हाच निवडीचा मुख्य निकष आहे. प्रौढांसाठी त्याचे प्रमाण १३५० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असावे, १००० पेक्षा कमी नसावे; हा आकडा वेष्टनावर छापलेला असतो. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, परंतु पाण्याने खळखळून चूळ भरू नये, कारण दातांवर राहायला हवे असलेले फ्लोराइड त्याबरोबर निघून जाते. पहिले काही दिवस हे चमत्कारिक वाटते, पण त्याची सवय होते. ब्रशचे केस वाकले की किंवा साधारण तीन महिन्यांनी ब्रश बदलावा. विजेवर चालणारा ब्रश वापरायचा असेल, तर तो हाताने घासल्यासारखा फिरवू नये. एकेका दातावर काही क्षण नुसता टेकवून धरावा.

जोराने घासण्याची सवय असलेल्यांना या सौम्य पद्धतीने दात साफ झाल्यासारखे वाटत नाही. त्यांनी जिभेचे टोक हिरडीलगत फिरवून पाहावे. तिथे गुळगुळीत लागले तर काम झाले आहे, खरखरीत लागले तर तेवढ्याच जागी पुन्हा घासावे.

तिसरी पायरी: दोन दातांमधली जागा

ब्रश दोन दातांच्या मध्ये पोहोचत नाही, आणि मोठ्या माणसांत कीड व हिरड्यांचा आजार पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. दात एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा, वापरावा. फटी असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश अधिक उपयोगी पडतो. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा फ्लॉस दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळून दोन-तीन सेंटिमीटरचा ताणलेला तुकडा मध्ये ठेवावा आणि करवतीसारखा मागेपुढे करत अलगद आत न्यावा. एकदम दाबला तर हिरडी कापते. आत गेल्यावर तो एका दाताला अर्धगोल बिलगवून हिरडीच्या किंचित खालून वर असा दोन-तीनदा घासावा, मग शेजारच्या दाताला बिलगवावा. प्रत्येक फटीत दोन दातांच्या दोन बाजू असतात, हे विसरले जाते.

पहिल्या आठवड्यात रक्त येईल. त्याला घाबरून थांबणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे, कारण रक्त येते ते सूज आहे म्हणून, आणि सूज जाते ती थर निघाल्यावर. आठवडा-दोन आठवडे नेमाने करूनही रक्त थांबले नाही तर दंतवैद्यांना दाखवावे.

जिभेच्या मागच्या भागावरचा थर हे तोंडाच्या दुर्गंधीचे मोठे कारण आहे, म्हणून जीभही रोज हलक्या हाताने स्वच्छ करावी. माउथवॉश ब्रशची जागा घेऊ शकत नाही. विशेषतः क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेला माउथवॉश सल्ल्याशिवाय दीर्घकाळ वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

चौथी पायरी: किती खातो याबरोबर किती वेळा खातो

साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच प्लाकमधला पीएच घसरतो आणि तो पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणून जेवणासोबत एकदाच गोड खाणे आणि तितकेच गोड दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकत राहणे यांत दातांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात लाळेला भरपाई करायला सवडच मिळत नाही. काम करताना तासन्‌तास घोट घोट घेतले जाणारे गोड पेय, घशासाठी चघळलेल्या गोड गोळ्या आणि झोपण्यापूर्वी घेतलेले गोड औषध यांची आपण गोड खाण्यात गणनाच करत नाही, ती करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार बाहेरून घातलेली साखर, तसेच मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्यतो ५ टक्क्यांच्याही खाली आणावी.

आंबट पदार्थ आणि फसफसणारी पेये एनॅमल थेट मऊ करतात, मग त्यांत साखर असो वा नसो. असे काही घेतल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास थांबावे.

काही औषधांनी, विशेषतः ॲलर्जीवरच्या आणि नैराश्यावरच्या अनेक औषधांनी, तोंड कोरडे पडते आणि कीड झपाट्याने वाढते. औषध परस्पर बंद करू नये, परंतु डॉक्टर आणि दंतवैद्य दोघांनाही ही गोष्ट सांगावी. झोपेत दात खाण्याची सवय असेल, सकाळी जबडा अवघडलेला वाटत असेल, तर रात्री घालायचा गार्ड करून घेता येतो.

लहान मुलांसाठी

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि तेव्हापासूनच घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. साधारण सात वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच घासून द्यावेत, कारण तोवर त्याच्या हाताला ते कौशल्य आलेले नसते. दुधाची किंवा गोड पेयाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नये. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. कोणताही दात पडल्यावाचून ती येत असल्याने अनेक पालक तिला दुधाची दाढ समजतात आणि ती लवकर किडते. तिच्या खाचा सीलंट नावाच्या संरक्षक लेपाने बंद करून घेता येतात.

आता रंगाकडे

हिरड्यांतून रक्त येणे थांबले आणि किडलेले दात भरून झाले की रंगाचा विचार करावा. पुष्कळांच्या बाबतीत स्केलिंग आणि पॉलिशिंग झाल्यावरच चहा-कॉफीचे आणि तंबाखूचे बाहेरचे डाग निघून जातात आणि पुढे काही करण्याची गरज उरत नाही. एकच दात काळसर झाला असेल तर तो उजळवण्यापूर्वी एक्स-रे काढावा, कारण मार लागून त्याची नस मृत झालेली असू शकते.

लिंबू, कोळशाची पूड, सोडा असे उपाय करू नयेत, असे मी ठामपणे सांगतो. लिंबाचे आम्ल एनॅमल विरघळवते आणि खरखरीत पूड ते घासून काढते. सुरुवातीला दात उजळ वाटतो, पण एनॅमल पातळ झाल्याने खालचे पिवळे डेंटिन अधिक दिसू लागते आणि दात पूर्वीपेक्षा पिवळा होतो. हे नुकसान भरून येत नाही.

दातांच्या आतला रंग फिका करण्याचे काम पेरॉक्साइड करते. दंतवैद्य दातांचे माप घेऊन पातळ ट्रे बनवतात आणि त्यात भरायला बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल देतात. ते रोज काही तास किंवा रात्रभर, साधारण दोन ते चार आठवडे वापरायचे असते. या काळात दात शिवशिवणे सामान्य आहे. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टने ते कमी होते आणि उपचार संपल्यावर बहुधा थांबते. कॅप, व्हेनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचे पातळ कवच) आणि दाताच्या रंगाची फिलिंग्ज मात्र उजळत नाहीत, म्हणून समोरच्या दातांत अशी कामे असतील तर आधी उजळवणे, मग सुमारे दोन आठवडे थांबून रंग स्थिरावल्यावर फिलिंग बदलणे, हा क्रम ठेवावा. गर्भवती स्त्रियांनी हे उपचार पुढे ढकलावेत.

ठेवण आणि आकार

वेडेवाकडे दात केवळ दिसण्यासाठी सरळ करायचे नसतात. दाटीवाटीतल्या दातांमध्ये स्वच्छता करणेही कठीण असते. ब्रेसेस (दातांवर बसवलेल्या तारा) किंवा अलाइनर (काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) दातावर सौम्य, सततचा दाब देतात, त्यामुळे एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे तयार होते. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. त्यामुळे उपचाराला बहुधा दीड-दोन वर्षे लागतात आणि मोठ्या वयातही तो करता येतो. मात्र हिरड्या सुजलेल्या असताना दात सरकवले तर हाडाची झीज वाढते, आणि ब्रेसेसभोवती प्लाक राहिला तर त्या काढल्यावर दातांवर पांढरे चौकोनी डाग कायमचे उरतात. आधीच्या तीन पायऱ्या अंगवळणी पडल्याशिवाय हे काम सुरू करू नये ते यासाठीच. उपचार संपल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारे साधन, दीर्घकाळ वापरावा लागतो, कारण दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकू पाहतात.

दाताचा कोपरा तुटला असेल किंवा छोटी फट बुजवायची असेल, तर कॉम्पोझिट हे दाताच्या रंगाचे भरण लावून ते काम बहुधा दात न तासता, एका भेटीत होते. ते काही वर्षांत डागाळते, पण दुरुस्त करता येते. व्हेनियरसाठी सामान्यतः दाताच्या पुढच्या भागाचे सुमारे अर्धा मिलिमीटर एनॅमल काढावे लागते आणि तो निर्णय मागे घेता येत नाही. पुढे आयुष्यभर त्या दातावर काही ना काही बसवावे लागते. तरुण वयात, निरोगी दातांवर केवळ रंगासाठी व्हेनियर बसवण्याला माझा विरोध आहे. तरीही तो उपचार सुचवला गेला, तर संमती देण्यापूर्वी दंतवैद्यांना स्पष्ट विचारावे की नेमक्या किती दातांचे किती एनॅमल काढले जाणार आहे, उजळवणे किंवा कॉम्पोझिट यांनी हेच साधण्यासारखे आहे का, बसवलेले व्हेनियर किती वर्षांनी बदलावे लागेल आणि त्या वेळी दाताचा आणखी किती भाग जाईल. शक्य असल्यास दात तासण्याआधी त्यावर तात्पुरता नमुना बसवून दाखवण्याची विनंती करावी आणि तो घेऊन आरशात बोलून, हसून पाहावे.